फिल्टर नळाखाली धरू नका

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षातून दोनदा तरी येतोच. ‘महिन्यातून एकदा मासे बादलीत काढा, टाकीतलं सगळं पाणी ओता, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवा. झाडं मिठाच्या पाण्यात बुचकळा. आरओचं पाणी भरा. शेवाळासाठी एक सकर मासा सोडा, मग टाकीकडे बघायला नको.’ खाली तीन जोडलेले हात. लिहिणाऱ्याच्या घरी झाडांची टाकी नाही, यावर पैज लावायला मी तयार आहे.

यातला स्पंजचा सल्ला सगळ्यात घातक. स्पंज पिळल्यावर निघणारा तपकिरी गाळ दिसतो घाण, पण टाकी चालते ती त्या स्पंजात आणि खडीवर वसलेल्या जिवाणूंवर. माशांच्या उत्सर्जनातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं झाडांना खत. आता आपल्या मुंबईत नळाला येतं भातसा-वैतरणा-तानसाचं क्लोरीन घातलेलं पाणी. क्लोरीन घालतात जंतू मारायलाच. टाकीतले कामाचे जिवाणू ते वेगळे कसे ओळखणार?

हा पराक्रम मीही करून बसलोय. रविवारी टाकी आरशासारखी लख्ख. मंगळवारी निऑन टेट्रा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले, बुधवारी जाळीने 5 काढले. झाडं थोडा अमोनिया शोषतात, म्हणून बाकीचे वाचले असावेत. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळतो, बस.

सगळं पाणी ओतायचीही गरज नसते. 2 फूट लांब, फूटभर रुंद आणि उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. आठवड्याला त्यातलं 14-15 लिटर, म्हणजे एक बादली बदलली की झालं. सकाळी पाणी आलं की क्लोरीन उडून जायला बादली भरून 24 तास उघडी ठेवा, नाहीतर ते मारणारे अँटीक्लोरचे थेंब घाला.

खडी धुण्यासाठी झाडं उपटलीत तर क्रिप्टोकोरिनसारख्या झाडाची पानं आठवड्याभरात विरघळतात. सायफनची नळी मोकळ्या जागेवरून वरवर फिरवा. मुळांशी बसलेला गाळ तिथेच बरा. आणि मीठ जेवणात.

आरओच्या पाण्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमही जातं, आणि झाडांना दोन्ही लागतात. पालिकेचं तलावाचं पाणी आधीच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्याला आणखी काय गाळायचं? टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर आरओ मिसळण्यात अर्थ आहे.

राहिला सकर. क्रॉफर्ड मार्केटातून बोटाएवढा आणलेला हा मासा वाढून फूटभर होतो, शेवाळ सोडून दाण्यांच्या मागे लागतो, अ‍ॅमेझॉन स्वोर्डची पानं खरवडतो आणि घाण सगळ्यांपेक्षा जास्त करतो. शेवाळ मुळात येतं उजेडामुळे. आमच्या शेजारच्या काकांची टाकी पश्चिमेच्या खिडकीत होती, वर दिवा दिवसभर चालू. टाकी आतल्या भिंतीला नेली, दिव्याला 7 तासांचा टायमर लावला, तीन आठवड्यांत काच हिरवी व्हायची थांबली. त्यांचा सकर मात्र अजून आहे, कारण तो पवई तलावात सोडायचा बेत मी हाणून पाडला.