‘बर्फ पडला की बघू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर ऑक्टोबरात एक मेसेज फिरतो. शीर्षक ‘विंटर टायरचं सत्य, जे कंपन्या सांगणार नाहीत’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इथल्या कायद्यात समर टायर काढून विंटर टायर (थंडीत मऊ राहणारे, बर्फ धरणारे) लावायची तारीखच नाही, तेव्हा बर्फ पडला की बदला. पारा 7 अंशांखाली गेला की विंटर टायर लावा, हा नियम म्हणजे कंपन्यांनी उठवलेली आवई. घ्यायचेच तर दोन टायर घ्या आणि पुढच्या चाकांना लावा. टायरवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असलं की पुरे. फोर-व्हील ड्राइव्हला काहीच लागत नाही. निसरडं असेल तर हवा थोडी कमी करा. आणि पकडलंच तर दंड 60 युरो, म्हणजे चार टायरांपेक्षा स्वस्त. शेवटी ‘वरंधा घाटात भर पावसात गाडी चालवणाऱ्यांना बर्फाचं काय’ अशी पाठ थोपटून ‘सर्वांना पाठवा’.

यंदा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो उन्हाळ्यात श्टुटगार्टला नोकरीला आला, नुकतीच एक जुनी फोक्सवागन गोल्फ घेतली, आणि परवा फोनवर सहज म्हणाला, “मामा, पुढचे दोनच घेतोय. तेवढेच पैसे वाचतील.” त्याची तीन वर्षांची मुलगी रोज त्याच गाडीत मागच्या सीटवर बसून पाळणाघरात जाते. त्यामुळे मेसेजचा क्रम सोडून मी आधी या दोन टायरांबद्दलच बोलणार आहे. बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल.

मेसेजमधला तर्क असा की पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचं बहुतेक काम करतात, म्हणून चांगली पकड पुढे हवी. तर्काचा पहिला भाग बरोबर आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पण मागची चाकं हलकी होतात म्हणूनच तिथे कमी पकडीचा टायर चालत नाही.

हायवेवरून उतरतानाचा गोल रॅम्प डोळ्यासमोर आणा. रस्त्यावर पातळ बर्फ आहे, वेग जरा जास्त वाटतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो. वजन पुढे आलं. पुढचे विंटर टायर बर्फ धरतात आणि गाडीचं तोंड वळवतात. मागच्या समर टायरांना धरायला काही सापडत नाही, ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. वेग उतरला की पकड परत मिळण्याची थोडी तरी आशा असते. मागची सुटली तर ती गाडी सावरणं रोज ऑफिसला जाणाऱ्या साध्या चालकाच्या आवाक्यातलं नाही. ‘ईएसपी आहे ना’ हे उत्तर मला ऐकवू नका. ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं, आणि तो ब्रेक लागू पडायला त्या चाकाला पकड लागते. नसलेली पकड कुठलंच यंत्र तयार करत नाही.

यात आणखी वाईट म्हणजे दोन टायरवाल्याला धोक्याची सूचनाच मिळत नाही. गाडी जागेवरून छान निघते, चढ सहज चढते. चारही समर टायर असते तर गल्लीच्या तोंडाशीच चाकं फिरली असती आणि त्याने गाडी घरी ठेवली असती. पुढच्या दोन चांगल्या टायरांमुळे त्याला वाटतं की आपली तयारी झाली, आणि तो ऑटोबानला, म्हणजे हायवेला लागतो.

कायद्याचं म्हणाल तर तिथेही पळवाट नाही. जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमांचं, म्हणजे एसटीव्हीओचं, कलम 2, उपकलम 3अ वाचा. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे आणि परिच्छेद छोटा आहे. त्यात ‘सगळ्या चाकांना’ असं स्पष्ट लिहिलं आहे. हिवाळी रस्त्यावर दोन विंटर आणि दोन समर टायर लावलेली गाडी नियमानुसार विंटर टायर नसलेलीच गाडी.

आता ‘तारीख नाही, म्हणून थांबा’ या पहिल्या मुद्द्याकडे येतो. तारीख नाही हे खरं आहे. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा इथे सगळ्यांच्या तोंडी असलेला ठोकताळा आहे, कायदा नाही. ईस्टर तर दरवर्षी हलतं. 2024 मध्ये 31 मार्चला होतं, 2025 मध्ये 20 एप्रिलला. पण तारीख नाही म्हणून बर्फाची वाट बघायची, हा निष्कर्ष त्या कलमातून निघत नाही. कलमात रस्त्याच्या पाच अवस्था दिल्या आहेत: पाणी गोठून झालेला काचेसारखा थर, बर्फाने आलेला निसरडेपणा, बर्फाचा चिखल, रस्त्यावरची ओल गोठून आलेला निसरडेपणा आणि दंवाने आलेला निसरडेपणा. यांपैकी कुठलीही अवस्था असेल तर योग्य टायरांशिवाय गाडी चालवायची नाही. पाचांपैकी फक्त दोहोंना आभाळातून बर्फ पडावा लागतो. दंवाला स्वच्छ रात्र आणि ओलसर रस्ता पुरतो. आदल्या संध्याकाळी पाऊस थांबलेला, रात्री आभाळ मोकळं, पहाटे नदीवरच्या पुलावर दंव. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. खिडकीतून बघितलं तर अंगणात पांढरं काहीच दिसत नाही.

आणि अंगण बघून काय कळणार? श्टुटगार्टचा मध्यभाग दरीत आहे, समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर. तिथून उल्म किंवा म्युनिककडे निघा. ए8 हायवे श्वेबिश आल्बचा डोंगर चढून होहेनश्टाटजवळ आठशे मीटरच्या आसपास पोचतो. खाली पाऊस आणि वर बर्फ, हे तासाभराच्या आत होतं. ज्याचं ऑफिस दरीत आणि वीकेंडचा मित्र उल्मला, त्याने आल्बचं हवामान बघून टायर बदलायचे असतात.

शिवाय ‘पडला की बदला’ हे जमणार कसं? पहिला बर्फ पडतो त्या दिवशी टायरच्या प्रत्येक दुकानाचा फोन व्यस्त असतो आणि पुढची वेळ कित्येक दिवसांनंतरची मिळते. ती मिळाली तरी दुकानापर्यंत गाडी त्याच रस्त्यावरून, त्याच समर टायरांवर न्यायची. 2 डिसेंबर 2023 ला म्युनिकमध्ये एवढा बर्फ झाला की विमानतळ बंद ठेवावा लागला आणि रेल्वे ठप्प झाली. त्या सकाळी जागे होऊन टायरची वेळ मागणाऱ्याला कोण विचारतो?

7 अंशांबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. 7 हा काही जादूचा आकडा नाही. कोरड्या रस्त्यावर पारा 5 वर असतानाही चांगला समर टायर नीट ब्रेक घेतो, कधीकधी विंटर टायरपेक्षा सरस. पारा 6 वर आला आणि रबर दगड झालं, असं होत नाही. पण यावरून ‘मग बर्फ पडेपर्यंत समर टायर’ असं म्हणणं म्हणजे मूळ प्रश्नच विसरणं. पहाटेच्या वेळी घराजवळ 4-5 अंश दिसू लागले की वरच्या रस्त्यावर शून्याच्या आसपास असणार, हे सांगायला तो आकडा उपयोगी आहे. तेवढ्यापुरता तो पाळावा.

फरक पडतो किती, ते गणिताने बघा. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. दाबून बसलेल्या बर्फावर विंटर टायरचा घर्षणांक 0.3 आणि समर टायरचा 0.2 धरला, तर पहिली गाडी सुमारे 33 मीटरांत थांबते आणि दुसरी सुमारे 49 मीटरांत. पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी 29 किलोमीटरने पुढे जात असते. झेब्रा क्रॉसिंग तिथे असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फात रुततात आणि बर्फ धरून ठेवतात. समर टायरवर त्या जवळजवळ नसतातच, मग तो कितीही नवा असो.

‘दंड परवडतो’ हा मुद्दा वाचून मला खरोखर संताप आला. 60 युरो हा आकडा बरोबर आहे, पण त्यासोबत फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत, म्हणजे चालकांच्या चुकांच्या सरकारी नोंदीत, एक पॉइंट येतो आणि तो अडीच वर्षं राहतो, हे मेसेजमध्ये नाही. वाहतूक अडवली तर 80, कुणाला धोक्यात घातलं तर 100, अपघात झाला तर 120 युरो. गाडी तुमची आणि चालवायला मित्राला दिली असेल, तर मालक म्हणून तुम्हाला 75 युरो आणि एक पॉइंट वेगळा. भाड्याच्या गाडीतही चालवणाऱ्यालाच धरतात. गाडी घेताना टायर बघून घ्या. दंडापेक्षा मोठं प्रकरण विम्याचं. समोरच्याचं नुकसान तुमचा थर्ड पार्टी विमा भरून देईल. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीची रक्कम घोर निष्काळजीपणाचं कारण देऊन कंपनी कमी करू शकते. विमा करार कायद्याच्या कलम 81 मध्ये तशी तरतूद आहे. काही पॉलिसींत कंपनी हा हक्क सोडते. आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आजच बघा.

‘एम+एस’ची गोष्ट कधीकाळी खरी होती, आता कालबाह्य आहे. 30 सप्टेंबर 2024 पर्यंत, 2017 अखेरपर्यंत बनलेले एम+एस टायर चालत होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्हच लागतं. जुन्या वस्तूंच्या साइटवर स्वस्तात मिळणारे एम+एस टायर घेताना हे चिन्ह शोधा, आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे तो कधी बनला ते, वाचा: 3522 म्हणजे 2022 सालचा 35 वा आठवडा. ते चिन्ह असलेले ऑल-सीझन टायरही कायद्याला चालतात. कोलोनसारख्या सखल भागात राहणाऱ्याला ते पुरतीलही; आल्ब किंवा आल्प्सकडे जाणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

फोर-व्हील ड्राइव्हने गाडी निघते चांगली. थांबताना मात्र प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांना लागतात, त्यात या गाडीला वेगळं काही मिळत नाही. हवा कमी करणं वाळूत अडकलेल्या गाडीसाठी ठीक. डांबरी रस्त्यावर त्याने स्टिअरिंग ढिलं पडतं, टायर तापतो, पाण्यावर गाडी लवकर तरंगते. थंडीत दर 10 अंशांमागे साधारण 0.1 बार हवा आपोआप उतरते, म्हणून उलट ती तपासून पूर्ण भरायची. आणि वरंधा घाटात पावसाळ्यात पारा 20 च्या आसपास असतो. तिथे रबर मऊ असतं, पाण्याखाली डांबर असतं. तिथलं कसब इथे गोठलेल्या पुलावर कामाला येत नाही.

मग बदलायचे कधी? सप्टेंबर संपता संपता वेळ घेऊन ठेवा आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बदलून टाका. वसंतात ईस्टर आलं म्हणून घाई नको. आल्बवर रात्रीचा पारा शून्याजवळ जाणं थांबलं की उतरवा. खाचांची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर चालते, पण विंटर टायर 4 च्या खाली गेला की बदला. नाताळात ऑस्ट्रियाला जाणार असाल तर तिथे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हा काळ कायद्यातच आहे आणि 4 मिलिमीटरखालचा टायर तिथे विंटर टायर मानतच नाहीत. चाकं बदलल्यावर 50 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका.

भाच्याने चार टायरांची ऑर्डर काल दिली. ज्यांनी हा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय त्यांना माझी विनंती आहे: याच महिन्यात कितीतरी नवी कुटुंबं आपली पहिली गाडी घेताहेत. निदान दोन टायरांचा मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी त्याच ग्रुपवर, आपल्या नावाने, आज लिहा.