खुलासा: 'अँग्री बर्ड्स'मध्ये आधी गेम, मग कार्टून

'अँग्री बर्ड्स हा गेम जुन्या कार्टून मालिकेवरून बनला आणि आपल्याकडे त्या मालिकेचे संवाद काढून टाकले', अशी पोस्ट मी परवा टाकली होती. ती बरीच पुढे गेली आहे. ती चुकीची आहे. न तपासता लिहिलं, माफ करा.

फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा हा गेम डिसेंबर 2009 मध्ये आयफोनवर आला. 'अँग्री बर्ड्स टून्स' ही मालिका मार्च 2013 मध्ये सुरू झाली. दोन्ही तारखा रोव्हिओने त्या-त्या वेळी जाहीर केलेल्या आहेत, त्या पाहिल्यावरच माझी चूक कळली.

संवाद कुणीही काढलेले नाहीत. जेमतेम तीन मिनिटांच्या भागात पक्षी चिवचिवतात, हिरवी डुकरं गुरगुरतात-हसतात, अंडी पळवायला जातात आणि तोंडावर आपटतात. सगळा विनोद हालचालींतून येतो, म्हणून भाग कुठल्याही देशातल्या मुलांना डबिंगशिवाय कळतो. मला तर हेच या मालिकेचं सर्वांत मोठं कसब वाटतं, आणि मी नेमकं तेच उणीव म्हणून सांगितलं.

जुनी पोस्ट मी काढली आहे. कृपया तिचा स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.