वावरात राबणं म्हणजे व्यायाम नव्हे, बाप्पा!

तालुक्याची जिम बंद पडली. मशिनी विकल्या गेल्या, गाळ्यात आता कपड्याचं दुकान लागलं. तेव्हापासून गावच्या ग्रुपवर पोरांचं एकच रडगाणं सुरू आहे, आता बॉडी कशी बनवायची. मला त्यांचं वाईट वाटतं, पण थोडंसंच. कारण ती जिम आमच्यातल्या बहुतेकांसाठी उघडी कधी नव्हतीच. जाण्यायेण्याचं पेट्रोल, महिन्याची फी, आणि बायांची बॅच भर दुपारी, म्हणजे गावातली बाई जेव्हा हमखास वावरात असते तेव्हा.

कोरोनात २५ मार्च २०२०ला देश बंद झाला आणि महाराष्ट्रातल्या जिम उघडायला दसरा उजाडला, २५ ऑक्टोबर. पुढच्या फेब्रुवारीत तर बाकी राज्य सुरू असताना आपलं अमरावती-अचलपूर पुन्हा बंद झालं. त्या काळात शहरातली माणसं घरात पाण्याच्या बाटल्या उचलायचे व्हिडिओ टाकत होती आणि आम्ही ते पाहून हसत होतो. हसायचं कारण नव्हतं. त्यांची जिम काही महिने बंद होती, आपली तर बारमाही बंद आहे. घरच्या घरी व्यायाम कसा करायचा हे शिकायची खरी गरज खेड्यालाच आहे.

आता यावर पहिलं उत्तर काय येतं ते मला तोंडपाठ आहे. सासूबाईंचंच घ्या. मला ओसरीत बैठका काढताना पाहिलं की म्हणतात, "काय करू राह्यली वं? वावरातलं काम पुरत नाई का तुले?" पारावरचे बुवाही हेच म्हणतात, फक्त जरा लांबवून. आमच्या काळी जिम होती का, आम्ही काय कमी होतो का, वगैरे.

मला हे म्हणणं साफ चुकीचं वाटतं, आणि ते सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहिते आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईकडे एकदा नीट बघा. परहाटीची (कपाशीच्या झाडाची) बोंडं कुठे मांडीच्या, कुठे कमरेच्या उंचीवर. त्यामुळे ती ना सरळ उभी राहू शकत, ना खाली बसू शकत. दिवसभर अर्धी वाकलेली. मान खाली, दोन्ही हात पुढे, खांदे पुढे ओढलेले. कापूस जातो पोटाशी बांधलेल्या ओटीत, म्हणजे जसजशी वेचणी होते तसतसं वजनही पुढूनच वाढतं आणि ते सगळं पाठीचा खालचा भाग तोलून धरतो. संध्याकाळी ती एक हात कमरेवर ठेवून टप्प्याटप्प्यानं सरळ होते. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेलं हे काम जानेवारीपर्यंत चालतं. या सगळ्यात तिनं काही मागे ओढलं का? डोक्याच्या वर काही उचललं का? नाही. एकच हालचाल हजारो वेळा. घाम निघतो, दम लागतो, मजुरी मिळते. पण शरीर त्यानं घडत नाही, झिजतं.

आणि पुरुषांचं सांगू? कोरडवाहू गावात तूर-हरभरा घरात आला की फेब्रुवारीपासून मृगापर्यंत वावरात असतं काय? वखरणी ट्रॅक्टरनं होते. गावातल्या गावातही मोटारसायकल लागते. तीन-चार महिने माणूस पारावर, नाही तर कुणाच्या लग्नात. मग जून उगवतो आणि तोच माणूस एकदम खताचे कट्टे उचलायला लागतो. युरियाचा कट्टा पन्नासचा पंचेचाळीस किलोचा झाला, त्याला आता काही वर्षं झाली. पण पंचेचाळीस किलो म्हणजे खेळ नव्हे. पेरणीच्या आठवड्यात गावात कितीजणांच्या कमरेत उसण भरते ते मोजा. नंतर फवारणीचा पंप, सोळा लिटर पाणी आणि पंपाचं वजन वेगळं, त्याच पाठीवर.

कामात वजन किती घ्यायचं हे तुम्ही ठरवत नाही, कट्टा ठरवतो. व्यायामात तुम्ही ठरवता, थोडं थोडं वाढवता आणि थकलात की थांबता. एवढाच फरक आहे, पण सगळं त्यातच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात मोठ्या माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल सांगितली आहे. ती वावरात होऊन जाते, मान्य. पण त्याच तत्त्वांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितलाय, आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी तीन दिवस तोल सांभाळायचा सरावही. तो भाग आपण सोडून देतो. साठीला आलेली काकू बाजेवरून उठताना हात टेकते, ते वयानं तर होतंच, पण पायांना काम न दिल्यानंही होतं.

सामानाचं म्हणाल तर अमरावती जिल्ह्यातल्या माणसानं सामानाची सबब सांगूच नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच मातीतलं, १९१४चं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथे कबड्डी आणि आपल्या देशी कसरतींची प्रात्यक्षिकं दाखवली. एक लाकडी खांब, एक दोरी, मुद्गल, लेझीम, पायाखाली माती, असल्या सामानावर उभी राहिलेली ही परंपरा. आणि आपण ट्रेडमिलसाठी अडून बसलोय.

माझ्या घरचं सामान सांगते. सगळ्यात कामाची चीज म्हणजे रेतीची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय मांडीपासून कापायचा. खालचं तोंड दाभण-सुतळीनं दुहेरी शिवायचं, एकेरी शिवण टिकत नाही. रेती चाळून दोन दिवस कडक उन्हात वाळवायची, नाही तर आत कुबट वास धरते. ती थेट भरायची नाही. जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दोन-दोन किलोचे पुडे करायचे (किराणावाला तोलून देतो, वर विचारतोही की हे कायले?), त्यांना चिकटपट्टी गुंडाळायची आणि एकेक आत सरकवायचा. वरचं तोंड शिवायचं नाही, नाडीनं करकचून बांधायचं. का, तर पुडे वाढवता यावेत म्हणून. आज तीन पुडे, महिन्यानं चार. दुकानातल्या डंबेलला ही सोय नाही, तिथे प्रत्येक वजनाचे पैसे वेगळे.

दुसरी चीज सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाला फुकट देतो. गोठ्याच्या खांबाला अडकवायची आणि दोन्ही टोकं धरून कोपर मागे नेत ओढायची. वेचणीवाल्या बायांसाठी याहून मोठं औषध नाही, कारण दिवसभर पुढे गेलेले खांदे मागे आणणारी हालचाल हीच. फक्त ट्यूब ताणून तिच्या भेगा बघा. चिरलेली ट्यूब सटकली तर सरळ डोळ्यावर येते.

पोरांनी सिमेंटची डंबेल केली आहेत. पेंटचे चार लिटरचे दोन डबे, मध्ये जीआय पाइप. चांगली आयडिया आहे. चार लिटर काँक्रीट म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंचं मिळून एकोणीस. पण पाइपच्या टोकाला आडवा बोल्ट घाला, नाही तर गोळा पाइपवरून निसटून पायावर पडेल. आणि स्लॅबला मारता तसं त्याला आठवडाभर पाणी मारा. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन पाणी भरून उचलू नका. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण पाहिलंय. तो डबा घरात नकोच.

लोंबकळायला कडुनिंबाची जाड फांदी उत्तम. शेवग्याला लटकू नका, कटकन मोडतो. टिनाच्या शेडच्या अँगललाही नको.

व्यायाम काय करायचे? पिशवी छातीशी धरून बाजेवर बसायचं-उठायचं, हात न टेकता. जमिनीवरची पिशवी उचलताना पाठ सरळ ठेवून बूड मागे न्यायचं, म्हणजे जोर मांड्यांवर येतो. ही एक सवय लागली तरी पेरणीतली निम्मी दुखणी टळतील, असं माझं मत आहे. दोन किलोचा पुडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेणं. ट्यूब ओढणं. भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर. उताणं झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलणं. आठ-दहा वेळा करा, शेवटच्या दोन-तीन वेळा जोर लागला पाहिजे. नाही लागला तर वजन कमी आहे. सहज पंधरा झाले की एक पुडा वाढवा. श्वास कोंडून उचलू नका. बीपी-शुगरची गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाचशे बैठकांच्या गोष्टी सांगणाऱ्या बुवांकडे लक्ष देऊ नका. त्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे आज काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

वेळेचा बाऊ नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा उजाडायच्या आतच काय ते करावं. पावसाळ्यात अंगणात बॅटरी मारून बघितल्याशिवाय सतरंजी टाकू नये, सापा-विंचवाचे दिवस. आणि शेतपंपाची लाइन (वीज) रात्रीची म्हणून गहू-हरभऱ्याचं ओलीत करून पहाटे घरी आलेल्या माणसाला बैठका काढ म्हणणं हे पाप आहे. त्यानं झोपावं.

खाण्याचं एकच सांगते. आपण सोयाबीन पिकवतो, कट्टे भरून विकतो आणि पोरं प्रोटीन पावडरचा डबा ऑनलाइन मागवतात. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. कच्चं खायचं नाही, रात्रभर भिजवून नीट शिजवायचं. वरणात घाला, उसळ करा. दारचं पीक तरी एकदा खाऊन बघा.

ओपन जिमबद्दल कुणीतरी विचारेलच. बऱ्याच गावांत त्या रंगीत मशिनी बसल्यात. झोका घेतल्यासारखं हलायला ठीक आहेत, पण त्यांच्यावर वजन वाढवता येत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर त्या लोखंडाला हात लावून दाखवा.

आता खरी अडचण. ती सामानाची नाही, पैशाची नाही, वेळेचीही नाही. अडतं ते लाजेपाशी. घरी व्यायाम करा म्हणणारे व्हिडिओ धरूनच चालतात की घरात एक रिकामी खोली आहे आणि तिला दार आहे. आमच्या घरांत ओसरीत सासरे बसलेले, अंगण सरळ रस्त्यावर उघडं, आतल्या खोलीत धान्याचे कट्टे आणि झोपलेली लेकरं. बाईनं पिशवी उचलायची कुठे? आणि उचललीच तर शेजारची भिंतीवरून डोकावणार, "पोलीस भरतीत जातं का वं?"

भरतीचं बरं आठवलं. आमच्या रस्त्यावर पहाटे पोरी पळतात. आठशे मीटरची तयारी, चार किलोच्या गोळ्याचा सराव. त्यांना कुणी हसत नाही. भाऊ मोटारसायकलचा लाइट लावून मागून येतो, आई दूध गरम करून ठेवते. मला याचा आनंदच आहे. पण त्याच पोरीचं लग्न झालं, भरती हुकली, की तिचं पळणं बंद. नोकरीसाठी केलेला व्यायाम गावाला कळतो, तब्येतीसाठी केलेला म्हणजे रिकामचोट धंदे. पोरांना हा प्रश्न नाही. ते उघड्या अंगानं चौकात डंबेल मारतात आणि रील टाकतात.

म्हणून जिमच्या नावानं रडणाऱ्या भावांना माझं सांगणं आहे. तुमची डंबेलं झाली, मजा करा. पण घरातल्या आईला, वहिनीला, बायकोला सकाळची अर्धा तास ओसरी मोकळी करून द्या. चहा तुम्ही ठेवा. बाबांना घेऊन पाराकडे चक्कर मारून या, त्यांचंही चालणं होईल. हे कुठल्याही मशिनीपेक्षा जास्त कामाचं आहे आणि याला फी नाही.

आमच्या घरी हे सहज झालेलं नाही. सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही, आणि पाहुणे आले की माझी जीन्सची पिशवी बाजेखाली सरकवली जाते. मी ती पुन्हा बाहेर काढते.

ज्या बायांच्या घरात ओसरीच नाही, एकच खोली आहे, त्यांनी काय युक्ती केली? कुणी गोठ्यात करतं का, कुणी शाळेच्या आवारात, की दोघी-तिघी मिळून एकीच्या घरी? मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. नाव न घालता मेसेज केला तरी चालेल.