झोपेत सेल खाणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि ‘दोष आढळला नाही’ची चिठ्ठी

माझा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली किती खोल आणि किती वेळ आहोत आणि किती सावकाश वर यायचे हे सांगणारे मनगटी यंत्र, सर्व्हिस सेंटरहून परत आला तो पुन्हा तीच चिठ्ठी घेऊन: ‘तपासणी केली, दोष आढळला नाही, सेल बदलला.’ सोबत सेल, ओ-रिंग (झाकणातून पाणी आत जाऊ न देणारे रबरी कडे) आणि तपासणी असे तीन वेगवेगळे शुल्क लावलेले बिल होते. महिना उलटायच्या आत मी तो कपाटातून काढला, तेव्हा पडद्यावर सेलची खूण लुकलुकत होती आणि बॅकलाइटचे बटण दाबताच सगळा पडदा कोरा झाला. मधल्या काळात त्याला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.

मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, ‘समुद्रातून वर आल्यावर गोड्या पाण्याने धुता का?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो आणि प्रत्येक वेळी मी उत्तर देतो. यंत्राच्या मागच्या बाजूला पाणी ओळखणारे जे दोन धातूचे बिंदू असतात, त्यांवर मीठ सुकून राहिले, की त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, दोन्ही बिंदू जोडले जातात आणि यंत्र आपण पाण्यात आहोत असे समजून जागे राहते, हे पाण्यात उतरणाऱ्या कोणालाही शिकवावे लागत नाही. म्हणूनच पाठवण्याआधी मी यंत्र कोमट पाण्यात भिजवून ठेवले, बिंदू मऊ ब्रशने घासले, पुसून कोरडे केले, आणि पाण्याचा संपर्क दाखवणारी खूण पडद्यावर नाही याची खात्री केली. हे सर्व त्यांना लेखी कळवलेले होते. त्यांनी ते वाचलेले नव्हते.

मग ते म्हणाले, ‘हवा दमट असेल.’ मी सोलापुरात राहतो, हे त्यांच्याच कुरिअरच्या पावतीवर लिहिलेले आहे. एप्रिलमध्ये इथे ओला टॉवेल दोरीवर टाकला, तर तासाभरात कडक होतो. दमट हवेचे कारण त्यांनी मालवणच्या किंवा मुंबईच्या माणसाला द्यावे. त्यावर त्यांनी उंचीचे कारण काढले. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे यंत्र हवेचा दाब पुन्हा पुन्हा तपासत राहते आणि सेल संपतो, असे त्यांचे म्हणणे. दाब तपासण्यासाठी यंत्र अधूनमधून क्षणभर जागे होते हे खरे. पण ते त्याच्या रचनेतच धरलेले आहे. पुणे आमच्याहून उंच आहे आणि बंगळूर जवळपास नऊशे मीटरवर आहे. तिथल्या डायव्हरांचे कॉम्प्युटर कपाटात पडून महिन्याभरात संपत नाहीत.

शेवटी उरले ऊन. ‘तुमच्याकडे फार कडक उन्हाळा असतो ना?’ असतो, पारा चाळिशीच्या वर जातो. पण लिथियमचा बटन सेल साध्या तापमानाला वर्षाला सुमारे एक टक्का आपोआप उतरतो. उन्हाळ्यामुळे तो वेग वाढला, तरी भरलेला सेल काही आठवड्यांत रिकामा होत नाही. उपकरण बनवणाऱ्यांच्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर त्याने फोन उचलू नये. आणि ठाऊक असूनही तो मला ऊन सांगत असेल, तर ते अधिक वाईट आहे.

मला सर्वात जास्त संताप येतो तो यापुढच्या गोष्टीचा. ‘तुम्ही काय तपासले?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘सेलचा व्होल्टेज मोजला, तीन व्होल्ट आहे.’ अहो, तुम्ही नवा सेल घातलात, तो तीन व्होल्टच दाखवणार! या सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे अर्ध्याहून अधिक रिकामा झालेला सेलही मीटरवर धडधाकट दिसतो. मीटर त्याच्यातून जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही; बॅकलाइट ओढतो, म्हणून तो लावला की सेलचे अंगचे दुखणे उघडे पडते. व्होल्टेजवरून सेलचीसुद्धा पुरती परीक्षा होत नाही, मग यंत्राची कुठून होणार? यंत्र झोपेत, म्हणजे पडदा बंद असताना, किती प्रवाह पिते, हे मोजले पाहिजे, आणि नेमके तेवढेच कोणी मोजत नाही.

म्हणून ते आम्ही मोजले. यंत्रमागाच्या कारखान्यांतील पॅनेल दुरुस्त करणारा माझा एक मित्र आहे. त्याने सेल आणि स्प्रिंग यांच्या मध्ये दहा ओहमचा रेझिस्टर घातला, सुरुवातीची सगळी चाचणी संपून पडदा बंद होईपर्यंत थांबला आणि मग रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचला. तो दहा मिलिव्होल्टच्या आसपास येऊन स्थिर झाला. म्हणजे पडदा बंद, ब्लूटूथ बंद, गजर बंद, आणि तरीही यंत्र सुमारे एक मिलिॲम्पिअर प्रवाह पीत होते. २४५० क्रमांकाच्या सेलची क्षमता सुमारे ६०० मिलिॲम्पिअर-तास असते. झोपेतला प्रवाह दहा मायक्रोॲम्पिअर, म्हणजे याच्या शंभराव्या भागाइतका असता, तर तोच सेल नुसता पडून साडेसहा वर्षांहून अधिक टिकला असता; एक मिलिॲम्पिअरला तो ६०० तासांत, म्हणजे २५ दिवसांत संपतो. शाळेतल्या मुलालाही करता येईल असा हा भागाकार आहे. आत सर्किटवर ओल गेली असेल, एखादा कपॅसिटर गळत असेल किंवा बटण आतून दाबलेले राहत असेल. नेमके काय ते शोधणे हे त्यांचे काम आहे, आणि त्याचेच तर ते पैसे घेतात.

हे सांगितल्यावर मिळालेले उत्तर मी जसेच्या तसे देतो: ‘तुम्ही झाकण उघडलेत, आता वॉरंटी लागू नाही.’ ज्या झाकणावर नाणे घालून फिरवायची खाच आहे, जे कसे उघडावे याची चित्रे त्यांच्याच पुस्तिकेत आहेत, ज्याच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस किती लावावे हेही त्यांनीच छापले आहे, ते झाकण उघडणे हा गुन्हा झाला! ती खाचही इतक्या मऊ प्लॅस्टिकची, की दोन-चार वेळा उघडल्यावर तिच्या कडा झिजतात. ओ-रिंग सुटी मिळत नाही, सेल आणि झाकणासकट पूर्ण संच घ्यावा लागतो, आणि त्या संचात येणारा सेल किती जुना आहे हे पाकिटावर कुठेही लिहिलेले नसते.

सुटा सेल घ्यावा म्हणून नवी पेठेत गेलो, तर दुकानदार म्हणाले, ‘२०३२ घ्या की, खाली कागदाची घडी घातली की बसतो.’ २०३२ हा सेल वीस मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो, २४५० हा साडेचोवीसचा आणि पाच मिलिमीटर जाडीचा. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो अशा ठिकाणी हे यंत्र न्यायचे आहे, भिंतीवरच्या घड्याळात घालायचे नाही, हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली. कुरिअरवाल्यांचे वेगळेच. आत लिथियम सेल आहे असे प्रामाणिकपणे लिहिले, की पार्सल घेत नाहीत. सेल काढून पाठवले, की सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘सेलसकट पाठवा, त्याशिवाय दोष कळत नाही.’

पुस्तिकेतही ‘सेल साधारण दोन वर्षे टिकतो’ असे लिहितात आणि खाली बारीक अक्षरांत वर्षाला किती डाइव्ह, बॅकलाइट किती, गजर किती अशा अटी घालतात. झोपेत प्रवाह किती असावा, हा आकडा मात्र कोणत्याच पुस्तिकेत सापडत नाही. तो छापला, तर ग्राहक मोजू लागतील, आणि ‘दोष आढळला नाही’ असे लिहिणे अवघड होईल.

ही मनगटावर बांधायची शोभेची वस्तू असती, तर मी एवढा तळमळलो नसतो. शरीरातल्या ऊतींमध्ये नायट्रोजन वेगवेगळ्या वेगाने मुरतो, ही मांडणी हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी १९०८ साली केली, आणि पुढे ब्यूलमान या संशोधकांनी शरीराचे सोळा कप्पे कल्पून त्यांचे गणित बसवले. आजची कितीतरी यंत्रे तेच गणित दर काही सेकंदांना करत असतात. पाण्याखाली यंत्र बंद पडले, तर डाइव्ह तिथेच संपवून सावकाश वर यावे लागते, आणि आधीचा हिशोब हाती नसल्यामुळे पुढचे चोवीस तास पाण्यात उतरता येत नाही. काही मॉडेलांत तर सेल बदलला, की तो हिशोबच पुसला जातो. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून मालवण गाठणाऱ्या माणसाची सगळी सुट्टी त्यात बुडते. आणि पाणी गढूळ असताना, खोली नेमकी किती हे कळत नसताना जे होऊ शकते, ते सुट्टीपेक्षा फार मोठे आहे.

‘नवीन चार्जिंगचे मॉडेल घ्या,’ असा सल्लाही मिळाला. त्यात बॅटरी आत कायमची बंद केलेली. ती थकली की सगळे यंत्रच त्यांच्याकडे पाठवायचे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. पण मुख्यतः पाण्यात वापरायच्या, धुता येण्याजोग्या उपकरणांना त्यातून सवलत आहे आणि तिथे ते काम स्वतंत्र व्यावसायिकाला करता आले तरी पुरते. आपल्याकडे तसा व्यावसायिक कुठे आहे? आमच्या शहरात तर नाहीच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दोन्ही चिठ्ठ्या, तिन्ही शुल्कांचे बिल, पुस्तिकेतले झाकण उघडण्याचे पान आणि मित्राने घेतलेल्या मोजमापाचे व्हिडिओ मी एकत्र केले आहेत. झोपेतला प्रवाह किती असायला हवा आणि माझ्या यंत्राचा किती आहे, हे दोन आकडे मला सहीशिक्क्यानिशी लेखी हवेत. पंधरा दिवसांची नोटीस आज पोस्टाने रवाना केली आहे.