चुकीचा डोळा

चष्म्याच्या डाव्या काचेवरचा चिकटा अजून गेलेला नाही. भांड्यांचा साबण झाला, कोमट पाणी झालं, शेवटी बायकोने निलगिरीचं तेल चोळलं. आता काचेवर चिकटा आहेच, वर त्याला वासही आहे. त्या घासाघाशीत कोपऱ्यातलं कोटिंग उडालं ते वेगळंच. हे सगळं कशामुळे, तर माझ्या साडूने नवी रायफल घेतली म्हणून.

अ‍ॅरिझोनात कुणी रायफल घेतली तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं. पण आमच्या साडूला कुठलीही वस्तू तिचा इतिहास सांगितल्याशिवाय वापरता येत नाही. कॉफीचं मशीन घेतलं तेव्हा आम्ही इटलीत महिनाभर अडकलो होतो. या वेळी नेमबाजीच्या रेंजवर जाताना गाडीत जेफ कूपर सुरू झाले. अमेरिकन मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल. त्यांनी १९७६ मध्ये इथेच, फिनिक्सच्या उत्तरेला पॉल्डनमध्ये नेमबाजीची शाळा काढली, ती आज गनसाइट म्हणून प्रसिद्ध आहे. एकट्या माणसाने एकच रायफल न्यायची तर ती कशी असावी, हा प्रश्न त्यांनी १९८० च्या दशकात मनावर घेतला. उत्तर निघालं 'स्काउट रायफल'. लांबी मीटरच्या आत, वजन तीन किलोच्या आसपास, फार तर साडेतीन. काडतूस थ्री-ओ-एट या मोठ्या मापाचं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, दर गोळीला हाताने ओढायचा. आणि दुर्बीण नेहमीच्या जागी डोळ्याजवळ न बसवता पुढे नळीवर, तीही कमी ताकदीची. म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, एकाने दुर्बिणीतून निशाण बघायचं आणि दुसऱ्याने उरलेलं जग. ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी खुद्द कूपरांना हाताशी धरून अशी रायफल काढली. रुगर कंपनीची २०११ मध्ये आली, ती तर गनसाइटच्याच नावाने.

"एक माणूस, एक रायफल, सगळी कामं," साडू म्हणाला. "बाकीचं सगळं काढून टाकायचं, दादा."

याच्या घरी तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत.

रायफल मात्र छान होती, हे कबूल करायला हवं. (कंपनी कुठली ते सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही.) आखूड, आटोपशीर. उचलली की दस्ता आपणहून खांद्याला येऊन टेकतो. दुर्बीण, पट्टा आणि भरलेलं मॅगझिन धरलं तर कूपरांचे तीन किलो कुठल्या कुठे राहतात, पण तोल नीट हाताच्या मध्ये पडतो. नळी आखूड असल्याची किंमत आवाजात मोजावी लागते. कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ असूनही पहिला बार झाला तेव्हा कुणीतरी सुतळी बॉम्ब माझ्या कानाच्या पाळीला बांधून पेटवल्यासारखं झालं. हलकी रायफल आणि मोठं काडतूस म्हटल्यावर खांद्यालाही त्याचं कळायचं ते कळतंच.

आता मुद्द्याचं. मी डावखुरा आहे आणि बोल्ट उजवीकडे. उभ्याने मारायचं तर ही पंचाईतच आहे. डावा हात चापावरून काढा, दस्त्यावरून पलीकडे न्या, बोल्ट ओढा, पुन्हा परत. पण बेंचवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली की गंमत होते. उजवा हात मोकळाच असतो. बोल्ट तो ओढतो आणि डावा हात जागचा हलतसुद्धा नाही. रिकामी पुंगळी उजवीकडे, तोंडासमोरून उडते, पण त्याने काही बिघडत नाही. माझं उत्तम चाललं होतं. कागदावरची भोकं मधोमध पडत होती. मी कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं.

शेजारच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला गवताची हॅट, पँटला गॅलिस, पुढ्यात थर्मास. बंदूक नाही. मी आधी समजलो, गाडीतून आणायची असेल. तर नाही, गोळ्या महाग झाल्यापासून तो नुसता बघायलाच येतो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. गोळीमागे डॉलर जातो, बघायला काही पडत नाही.

"लेफ्टी," तो म्हणाला.

"हो."

"बोल्ट उजवीकडे आहे."

"दिसलं मला."

"डाव्या बोल्टचीही मिळते. दुकानात सांगितलं नाही का कुणी?"

"ही माझी नाही. त्याची आहे." मी साडूकडे बोट केलं.

"भाऊ?"

"बायकोच्या बहिणीचा नवरा."

यावर त्याने थोडा विचार केला, कॉफीचा घोट घेतला. "मग त्याने डाव्या बोल्टची का नाही घेतली?"

"तो उजवा आहे."

"अच्छा." आणखी एक घोट. "आणि मारतोयस तू."

एवढ्यात रेंज अधिकाऱ्याने 'सीज फायर' पुकारलं. म्हणजे बोल्ट उघडे, मॅगझिन बाहेर, आत केशरी झेंडी खोचायची आणि सगळ्यांनी पिवळ्या रेघेमागे येऊन उभं राहायचं. लोक निशाणं बदलायला पुढे गेले की बंदुकीला बोट लावायचं नाही. नियम अगदी योग्य आहे. फक्त त्या रेघेमागे माणूस तावडीत सापडतो.

"हात लांब कर," म्हातारा म्हणाला. "दोन्ही तळव्यांचा त्रिकोण. त्यातून तो खांबावरचा झेंडा बघ. आता उजवा डोळा मीट."

झेंडा जागेवर होता.

"आता डावा मीट."

झेंडा गेला.

त्याने हॅट काढली. खरंच काढली. "तुझा डोळा चुकीचा आहे," तो म्हणाला.

"कुठला?"

"डावा. तो साहेब होऊन बसलाय. काम उजव्याने करायचं आणि हुकूम याचा."

"पण मी कामही डाव्यानेच करतो."

"तेच तर सांगतोय," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज इतका हळवा झाला की मलाच त्याची दया आली. तोवर पलीकडचं एक जोडपं हात लांब करून त्रिकोणातून झेंडा बघायला लागलं होतं. त्यांचा मुलगा, त्याच्यामागचा दाढीवाला, एकेक करत अख्खी रेघ. आमचा साडूही. आणि म्हाताऱ्याने शर्टाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. बंदूक नसलेला माणूस खिशात चिकटपट्टी बाळगून रेंजवर येतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"चष्मा दे."

माणूस सत्तरीच्या पुढचा. अशा माणसाने हात पुढे केला की आपण द्यायचंच असतं, एवढ्यावरच आपण लहानाचे मोठे झालो. दिला.

त्याने डाव्या काचेवर मधोमध पट्टी लावली, अंगठ्याने दाबली, वरून नखही फिरवलं. "आता रायफल उजव्या खांद्याला. आणि दोन्ही डोळे उघडे ठेव हं! कर्नलसाहेबांनी तसं सांगितलंय."

तर मी दोन्ही डोळे उघडे ठेवले, त्यातला एक बंद होता. आधीची भोकं कागदाच्या मध्यावर होती. नंतरच्या गोळ्या कुठे गेल्या ते अ‍ॅरिझोनाच्या मातीलाच ठाऊक. "सराव," म्हातारा मागून म्हणाला आणि समाधानाने कॉफी पिऊ लागला.

रेंजच्या फलकावर कूपरांचे सुरक्षिततेचे चार नियम लावलेले असतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, निशाण काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे याची खात्री करा. यात पाचवा नियम लिहायला जागा आहे, मी बघून ठेवली आहे. शेजाऱ्याच्या चष्म्याला हात लावू नये.

पण खरं सांगू, राग त्या म्हाताऱ्याचा नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला डावा हात पुढे आला की आजी मनगटावर चापट मारायची, तीही प्रेमानेच. शाळेत बाई पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या, वर डोक्यावरून हात फिरवायच्या. कॉलेजच्या खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या बाजूला, त्यामुळे तीन वर्षांच्या नोट्स मी कमरेत वळून घेतल्या. आणि एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल घेऊन आडवा झालो तेव्हा उस्तादांनी बुटाच्या टोकाने माझं कोपर सरकवलं. "फौज में लेफ्ट सिर्फ परेड में होता है." सगळे हसले. मीही हसलो. हे सगळे माझं भलंच करत होते, आणि मी दर वेळी नीट चाललेलं काम सोडून ते वाईट कसं करायचं ते शिकत होतो. बोल्ट चुकीच्या बाजूला आहे असं कुणी म्हणत नाही. चुकीचा असतो तो डोळा.

परत येताना साडू नेहमीपेक्षा गप्प होता. मला वाटलं, कुठेतरी वरमला असेल. कॅक्टसांचे दोन-तीन मैल गेल्यावर त्याने स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांचा त्रिकोण केला आणि मी ओरडल्यावर पुन्हा स्टीअरिंग धरलं.

"दादा, माझाही डावाच निघाला."

"काय?"

"डोळा. हात उजवा, डोळा डावा. म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या खांद्याला लावत होतो! मी काय म्हणतो, सरळ डाव्या बोल्टची मागवतो." मग घसा खाकरून त्याने आवाज खाली आणला. "ही तुम्ही घेऊन टाका. घरातल्या घरात दोनशे डॉलर कमी करतो. चिकटपट्टी वरून फुकट."