सपाट मैदानाचा जाच

दर्यापूर तालुक्यातले आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते. येथे विहिरीचे पाणी खारे, माती काळी आणि जमीन इतकी सपाट, की उत्तरेला क्षितिजावर दिसणारी सातपुड्याची निळसर रेघ सोडली तर चढ म्हणून काही नजरेला पडतच नाही. गुढीपाडव्याला पुण्याहून आलेल्या पुतण्याने गावालगतची ई-क्लासची, म्हणजे सरकारी मालकीची, मोकळी जमीन पाहिली आणि तो हरखला. "काकाजी, नवशिक्यांसाठी याहून सोपं मैदान शोधून सापडणार नाही," असे तो म्हणाला. बत्तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाने हे ऐकताच सावध व्हायला हवे होते. कारण अवघड पेपरात नापास झालेल्या मुलाला घरी चार सबबी सांगता येतात, सोप्या पेपरात नापास झालेल्याला मात्र तोंड लपवायला जागा उरत नाही, हे मी दरसाल निकालाच्या दिवशी पाहत आलो होतो.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. चेंडूऐवजी वीतभर रुंद प्लास्टिकची तबकडी, जमिनीतल्या खळग्याऐवजी खांबावर लटकणाऱ्या साखळ्या, आणि त्यांना आपटून खाली पडणारी तबकडी झेलायला एक जाळी, एवढाच त्याचा संसार. कॅलिफोर्नियात 1975 साली एड हेड्रिक यांनी या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले आणि साखळ्यांच्या जाळीचे पेटंट त्यांना 1977 मध्ये मिळाले. आमच्याकडे खरी जाळी एकच होती. उरलेल्या आठ ठिकाणी पुतण्याने बांबू रोवून त्यांना घरोघरची जुनी टोपली बांधली, आणि त्यांतले एक टोपले आमच्याच घरचे होते हे आमच्या सौभाग्यवतींना दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवायच्या वेळी कळले.

प्रत्येक खांब पन्नास-साठ मीटरवर असल्यामुळे प्रत्येकाला 'पार' तीनचा, म्हणजे जाणत्या खेळाडूने तीन फेकींत काम उरकावे अशी अपेक्षा. हा शब्द गावात फारच लवकर रुळला, कारण पहिला खांब पिंपळाच्या पारासमोर होता आणि पारावर आबाजींसह सात-आठ मंडळी सकाळपासून जागा धरून बसली होती. "पार तं आमच्याकडं हाय, मास्तर, तुम्ही फक्त तीन मोजा," असे आबाजींनी सुरुवातीलाच बजावले.

मोजणे तीनवर थांबले नाही, आणि त्याचे मूळ माझ्या शिक्षकी पेशात आहे. प्रत्येक तबकडीवर चार आकडे छापलेले असतात: तिला लागणारा वेग, हवेत तरंगण्याची ताकद, सुरुवातीचे वळण आणि वेग ओसरल्यावर शेवटी दुसऱ्या बाजूला झुकण्याची खोड. पुतण्याने माझ्या हाती जाड कडेची, वेगाच्या रकान्यात 3 असलेली तबकडी दिली. तीन गुणांची वस्तू हाती घेणे मला अपमानास्पद वाटले आणि मी पिशवीतून 12 आकड्याची, पातळ कडेची, नारिंगी तबकडी निवडली. बारा हे तिचे गुण नसून ती फेकणाऱ्याच्या हाताकडून केलेली मागणी आहे, हे मला फार उशिरा उमगले. मागणी पुरी झाली नाही, की उजव्या हाताने छातीजवळून फेकलेली अशी तबकडी सरळ जाण्याचा विचारही न करता डावीकडे वळते. लहानपणी ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उठवलेला माझा हात तिच्या कसोटीला उतरला नाही.

डोंगराळ मैदानावर माणूस चढाला दोष देतो, झाडीत फांदीला देतो. येथे झाड नव्हते, चढ नव्हता, सकाळी साडेसहाला वारासुद्धा नव्हता. तबकडी डावीकडे वेड्या बाभळींच्या दिशेने गेली, की पारावरून, नाल्यावरून आणि दूर वावरात काम करणाऱ्या बायांकडूनही ती स्पष्ट दिसत असे. "काहून हो मास्तर, थे थाळी सारखी डावीकडंच काहून जाते?" हा आबाजींचा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा होता, म्हणून अधिक झोंबला. शिवाय जाळीपासून जो सर्वांत दूर असेल त्याने आधी फेकायचे, असा नियम असल्याने पुढची फेक बहुधा माझीच असे. इतका मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता.

सातव्या खांबावर तबकडी कडेवर पडली आणि टणक जमिनीवरून पोरांच्या चाकासारखी लोळत गेली. ती जाळीच्या दिशेने जात आहे असे पाहून पारावर पहिल्यांदाच शांतता पसरली. जाळी दहा पावलांवर असताना ती दिसेनाशी झाली. आमची चिकण माती उन्हाळ्यात आक्रसते आणि कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्यांतल्या एकीत ती उभीच्या उभी शिरली होती. मी गाल जमिनीला टेकवून पालथा पडलो. आत नारिंगी कड दिसत होती. विंचवाचे स्मरण करीत मी हात घातला, दोन बोटांची टोके कडेला लागली, आणि त्या स्पर्शाने ती आणखी चार बोटे खाली सरकली. मग पऱ्हाटीची काडी घातली, तेव्हा ती दिसायचीही थांबली.

हरवलेली तबकडी शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. ती संपत असताना पुतण्याने माझे सांत्वन म्हणून सांगितले, की हेड्रिक 2002 साली वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. कोणाचा माणूस तबकडीत जातो, कोणाची तबकडी मातीत जाते, असा विचार करीत मी उठलो. तेवढ्यात मला आठवले, की सापडणाऱ्याने फोन करावा म्हणून खेळाडूंच्या रिवाजाप्रमाणे आदल्या रात्री आम्ही प्रत्येक तबकडीच्या पाठीवर मार्करने माझे नाव आणि मोबाइल नंबर लिहिला होता.

"मंग फिकीर कायची?" आबाजी म्हणाले. ते एव्हाना पार सोडून भेगेपाशी येऊन उकिडवे बसले होते. "मिरगात भेग बुजली का तुमचं नाव जमिनीच्या पोटात. लोकायचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही, तुमचं तं ई-क्लासात लागलं!"

आठव्या खांबापाशी पुतण्याने तीन आकड्याची ती जाड तबकडी काही न बोलता पुढे केली आणि मीही ती काही न बोलता घेतली. ती डावीकडे वळली नाही. समोर आठ पावलांवर पडली.