सिग्नल गेला, पण पोचला का?

सिग्नल म्हणजे संकेतांवरच्या तुमच्या लेखात सिग्नल पाठवणाऱ्याचाच विचार जास्त झाला आहे. घेणाऱ्याबद्दल अजून लिहायला हवं होतं, असं मनापासून वाटतं. १९१२ मध्ये बुडणाऱ्या टायटॅनिक जहाजावरून मदतीसाठी आधी जुना सीक्यूडी आणि मग एसओएस असे दोन्ही बिनतारी (रेडिओ) संकेत गेले. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावर हे बिनतारी संदेश घेणारा चालक तेव्हा झोपला होता. त्या जहाजावरच्यांना आकाशात पांढरे अग्निबाण दिसलेही, पण हे संकटाचे बाण आहेत असा अर्थ लावून कुणी वेळेत हालचाल केली नाही. म्हणजे संकेत स्पष्ट होता, दिसतही होता, तरी संवाद झाला नाही! हे वाचताना आजही जीव कळवळतो.

रेल्वेत मात्र याचा फार शहाणपणाने विचार झाला आहे. यंत्रणा बिघडली तर सिग्नलने 'थांबा' हेच दाखवावं, अशी त्याची रचना असते. समुद्रावरही टायटॅनिकनंतर १९१४ च्या सागरी सुरक्षा करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर अखंड बिनतारी पहाऱ्याची, म्हणजे कुणीतरी सतत संदेश ऐकत राहण्याची, तरतूद आली. पुढच्या लेखात या ऐकणाऱ्या बाजूवर जरूर लिहा.